दामाजीच्या गोष्टीतून विठू महार वगळता येतो का?

माहीमचा वाचक :
दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून मागच्या आठवड्यात दामाजीपंतांच्या आख्यानावर बेतलेली एक नवी कादंबरी आणली. मूळ गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, तेव्हा बिदरच्या बादशहाचे कारभारी दामाजीपंत यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. त्यांना पकडून नेत असताना विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, जोहार घालून धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन आला. कादंबरीत विठोबा नाही, हे मी समजू शकतो. पण विठू महारही नाही! त्याच्या जागी एक दयाळू सावकार येतो आणि पंतांच्या जुन्या उपकाराची परतफेड म्हणून रक्कम भरतो. लेखकाने प्रस्तावनेत याला ‘चमत्काराच्या राखेखालचे सत्य’ म्हटले आहे.

माझा आक्षेप असा की, या कथेतला खरा धक्का पैसे कुठून आले यात नसून ते कोणाच्या हातून आले यात आहे. ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, तेव्हा पेशवाई होती आणि शिवाशिवीचा काच कमी झालेला नव्हता. त्या काळातल्या ब्राह्मण कवीने देवाच्या खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी दिली आणि त्याला महार करून बादशहापुढे उभे केले. आजच्या विवेकवादी कादंबरीकाराने त्याच जागी सावकार आणून बसवला. यात पुढे कोण गेले आणि मागे कोण आले, हे ज्याने त्याने ठरवावे.

बोरिवली जलद :
आपला मुद्दा मार्मिक आहे, परंतु त्यामागे दंतकथेचे एक मूळ, शुद्ध रूप असते असे गृहीत धरलेले दिसते. तसे रूप कोणत्याच दंतकथेला नसते. इंग्लंडच्या आर्थर राजाचे उदाहरण घ्या. लॅन्सलॉट हा त्याचा सर्वांत गाजलेला सरदार, पण राणीशी त्याचे प्रेम जुळवले ते बाराव्या शतकातल्या क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीने, तेही आर्थरच्या कथा बराच काळ प्रचारात असताना. पुढे मॅलरी या इंग्रज लेखकाने त्या सगळ्याची एकत्र मोट बांधली आणि १४८५ साली मुद्रक कॅक्स्टनने ती छापली. आज लॅन्सलॉटशिवाय आर्थरची कल्पनाच करता येत नाही. महिपतीबुवांनीही दामाजींना पाहिले नव्हते; दामाजींचा काळ पंधराव्या शतकातला मानला जातो, म्हणजे मध्ये सुमारे तीनशे वर्षे गेली होती. त्यांना जी मोकळीक होती ती आजच्या लेखकाला का नसावी? शिवाय आजचा वाचक दाराशी देव आलेला पाहून पुस्तक मिटून ठेवतो. त्याला माणसांचे हेतू हवे असतात.

माहीमचा वाचक :
मोकळीक सर्वांनाच आहे. मी बंदी मागत नाही. क्रेतिएँने कथेत भर घातली आणि तिची गुंतागुंत वाढवली. या कादंबरीकाराने कथेतली अडचणीची व्यक्ती काढून टाकून ती सोपी केली. दोन्ही बदलच असले तरी त्यांचे मोल एक नाही. आणि आजच्या वाचकाविषयी म्हणाल, तर आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराबाहेरची रांग एकदा पाहून यावी. त्या रांगेतली माणसेही लोकलमध्ये बसून कादंबऱ्या वाचतात.

वरळी बीडीडी :
वाचत होतो, पण आता लिहिल्यावाचून राहवत नाही. १९५६ नंतर आमच्या घरात विठोबा नाही, त्यामुळे माझे म्हणणे आपणा दोघांनाही थोडे कडू लागेल.

माहीमकरांना विठू महारात धक्का दिसतो. मला त्यात देवाची एका दिवसाची वेशभूषा दिसते. देव महार झाला, काम झाल्यावर पुन्हा देव झाला आणि महार जिथे होता तिथेच राहिला. त्याच मंगळवेढ्याचा चोखामेळा १३३८ साली गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेला आणि त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. ते देऊळ अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. ‘भक्तविजय’ तोवर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ घरोघरी वाचला जात होता, आणि ती वाचणारी घरेही देवळाचे दार बंदच ठेवत होती.

पण दंतकथा आमच्याकडेही होत्या. माझे आजोबा अमृतनाकाची गोष्ट सांगत. बिदरच्या बादशहाच्या घरातल्या स्त्रीला त्याने सुखरूप परत आणले आणि स्वतःच्या इमानाचा पुरावा आधीच एका डबीत बंद करून दरबारी ठेवला होता. त्याचे बक्षीस म्हणून महारांना बावन्न हक्क मिळाले, अशी ती कथा. दरबार तोच बिदरचा, पण इथे देव नाही, पंत नाहीत. महार स्वतःच्या पायांनी दरबारात जातो. आजोबा हे सांगताना ताठ बसत. आणि तरीही त्या हक्कांसह आलेल्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, कारण त्या वतनाने माणूस गावाला जखडला जात होता. अभिमानाची दंतकथासुद्धा बेडी होऊ शकते, हे आम्ही घरातच पाहिले. म्हणून पुनर्कथन हवेच. मात्र ते सावकाराच्या बाजूने नको. खरा विठू, ज्याचे नाव आणि घोंगडी देवाने उसनी घेतली, तो त्या दिवशी कुठे होता? ती कादंबरी कोणी लिहिली, तर मी पदरच्या पैशाने विकत घेईन.

बखरवेडा :
चर्चा रंगली आहे, पण मला धोका वेगळीकडे दिसतो. चमत्कार असलेली कथा निदान स्वतःला कथा म्हणवते. चमत्कार काढून आत सनावळ्या घातल्या की वाचक तिला इतिहास समजतो. अलाउद्दीन खिलजीने चित्तोड घेतले १३०३ साली. चित्तोडच्या राणी पद्मिनीची कथा सांगणारे जायसीचे काव्य ‘पद्मावत’ १५४० चे. त्या स्वारीत हजर असलेल्या कवी अमीर खुस्रोने पद्मिनीचे नाव घेतलेले नाही. तरीही तिच्यासाठी आजची माणसे रस्त्यावर उतरतात. आपल्या मुंबईपुरते बोलायचे, तर राजवाड्यांनी १९२४ साली छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तली प्रकरणे ना एका हातची आहेत ना एका काळातली, पण तिच्यातल्या माहीमच्या बिंब राजावर कोणी कादंबरी लिहिली की माहीमच्या गल्लीगल्लीत तिचे दाखले देणारे भेटतील. (माहीमकरांनी राग मानू नये.)

माहीमचा वाचक :
राग नाही, माझ्या आळीत ते आजच भेटतात.

वरळीकरांचा प्रश्न मात्र मला चुकवता येणार नाही. विठू हा देवाचा वेश आहे, माणूस नाही, हे मी इतक्या स्पष्टपणे पाहिले नव्हते. माझा आक्षेप त्यामुळे मागे घेत नाही, पण ‘भक्तविजया’ला मी जे धाडसाचे प्रमाणपत्र दिले, ते जरा घाईने दिले. एक गोष्ट तरीही नमूद करतो. मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेचे उदाहरण घ्या. बादशहाने बोलावणे पाठवले आणि तिने विठ्ठलाच्या पायी प्राण सोडला, अशी आख्यायिका आहे. आधुनिक लेखक तिला पानेच्या पाने स्वगते देतात. तिच्या नावावरचा अभंग म्हणतो : ‘हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले’. भीती तिथे आहेच, हेतू शोधायला कशाला जावे लागते?

बोरिवली जलद :
तो अभंगही रचना आहेच, साहेब; कोणीतरी तिच्या तोंडी घातलाही असेल. सावकाराबाबत मात्र मी हरलो. कादंबरी न वाचताच तिची बाजू घेत होतो, हेही कबूल करतो. ग्रंथसंग्रहालयात परत कधी करणार आहात?

माहीमचा वाचक :
शनिवारी. पान एकशे बारावर सावकार येतो, तिथे माझी खूण राहिली तर काढून टाका.