विकिपीडियावर आपल्या भागाबद्दल लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी, मी राजापूर तालुक्यातला. मराठी विकिपीडियावर आमच्या आजूबाजूच्या गावांची पानं बघितली तर दोन-तीन ओळी आणि लोकसंख्या, बाकी काहीच नाही, मला खरंच वाईट वाटलं. सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) खोदलेली कातळशिल्पं, देवराई, गावऱ्हाटी (गावच्या देवस्थानाच्या चालीरीती) याबद्दल आजोबांकडून खूप ऐकलंय ते सगळं लिहायचंय. परवानगी लागते का? फोनवरून जमतं का? आणि विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे किल्ल्याच्या पानात टाकलं तर चालेल ना?

जांभ्याचा_चिरा:
परवानगी कुणाचीच लागत नाही भावा, फोनवरून आरामात जमतं. खातं मात्र काढ, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर तुझ्या चर्चा पानावर लिहिता येतं. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर हात बसव, तिथे काहीही बिघडत नाही, आणि लेखात चुकलं तरी पानाच्या 'इतिहास' भागात जुनी आवृत्ती असतेच. अडलास तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर विचार. पहिल्याच दिवशी नवीन पान काढू नकोस, आहे त्याच पानात एक वाक्य आणि त्याचा संदर्भ एवढंच टाक.

माडबन_ताई:
हेलियमचं तसं टाकू नकोस रे. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे म्हणून ओटे दाखवतात आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने तिथूनच हेलियम शोधला असं सगळे सांगतात, पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन होता गुंटूरला. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला आणि त्यातली पिवळी रेषा ज्या अनोळखी मूलद्रव्याची होती त्याला पुढे हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला. म्हणून लिहायचंच असेल तर "स्थानिक पातळीवर असं सांगितलं जातं" असं लिही आणि शेजारी हा इतिहास संदर्भासकट दे. आपल्या किल्ल्याचं मोठेपण आरमारात आहे, त्यावर भरपूर छापील साहित्य मिळतं, त्याला ह्या कथेची गरज नाही.

खाडीकाठचा:
हे माहीतच नव्हतं ताई, धन्यवाद. मग आजोबांनी सांगितलेलं काहीच चालणार नाही का?

माडबन_ताई:
थेट नाही चालत, कारण वाचणाऱ्याला ते पडताळता आलं पाहिजे. पण ते वाया घालवू नकोस, रेकॉर्ड करून ठेव, एखाद्या दिवाळी अंकाला किंवा स्थानिक पेपरला लेख दे, चांगल्या ठिकाणी छापून आला तर मग दुसरा कुणीतरी त्याचा संदर्भ देऊ शकतो. जुन्या माहितीसाठी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर बघ, त्याचा कॉपीराइट संपलाय. पण ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिलंय, जातीजमातींबद्दलचा मजकूर तसाच उचलू नको. पेपरमधला किंवा विश्वकोशातला परिच्छेद तर कधीच कॉपी करू नको, माहिती घे आणि आपल्या शब्दांत लिही.

सडा_आणि_समुद्र:
कातळशिल्पांचं मी सांगतो, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ आहे. ती किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे आकडा लिहिताना कुणाचं मत आहे तेही लिही. पण खरी गरज फोटोंची आहे. पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, ते सुकल्यावर जा, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना काढ म्हणजे खोदलेली रेषा उठून दिसते, आणि चित्रावर पाय देऊ नकोस, रेषेत खडू पण भरू नको. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाचा सगळ्या भाषांसाठीचा फोटोंचा साठा) टाक, स्वतः काढलेलेच, म्हणजे मराठीतच नाही तर कुठल्याही भाषेच्या पानात वापरता येतात. व्हॉट्सॲपवर आलेले चालत नाहीत. जी जागा अजून संरक्षित नाही तिचं नेमकं लोकेशन टाकण्याआधी मात्र गावात विचार.

खाडीकाठचा:
मग सुरुवात देवाचे गोठण्यापासून करतो, आमच्यापासून जवळ आहे. धूळपाटीवर मजकूर टाकला की लिंक देतो, बघून सांगा.