फिलिपिन्सची कला बघायचीय: लोस बान्योसला मुक्काम, कुठे जाऊ आणि कोणाकडून घेऊ?

नीलपंख
नमस्कार मंडळी. माझे भाऊजी तिकडे भात संशोधन संस्थेत (इरी) आहेत, ताई आणि ते लोस बान्योसला राहतात आणि येत्या नोव्हेंबरात मी, आई आणि माझा मुलगा असे तिघं त्यांच्याकडे जातोय. समुद्रकिनारे ताई दाखवेलच, मला मात्र तिथली कला नीट बघायचीय. आईने आयुष्यभर भरतकाम केलंय, कुठलंही कापड हातात आलं की ती आधी उलटी बाजू बघते. मुलगा नववीत आहे आणि दिवसरात्र कॉमिक्स काढतो. नेटवर शोधलं की तीच ती दहा ठिकाणांची यादी येते, त्यात कोण कलाकार, कुठल्या गावचे, काय परंपरा याचा पत्ताच नसतो. कोणी तिकडे राहिलंय का? चार गोष्टी विकतही घ्यायच्यात पण ज्याने केल्यात त्याच्या हातात पैसे जावेत असं वाटतं. आईचे गुडघे दुखतात, फार चढउतार नको.

तळ्याकाठी
नीलपंख, आम्ही लोस बान्योसला बरीच वर्षं काढली त्यामुळे जरा मोठं लिहितेय. तुम्हाला लांब जायची गरजच नाही हो, तुम्ही ज्या लागुना तळ्याच्या काठी राहणार आहात त्याच्याच भोवती अख्खी चित्रकारांची, कोरीवकाम करणाऱ्यांची गावं आहेत. लोस बान्योसहून सांता क्रूझची जीपनी (तिकडची वडापसारखी गाडी) धरायची, तिथून पुढची गाडी बदलून पाएते. वाटेत लुंबान लागतं, तिथे आईंसाठी उतराच, पण ते कोणीतरी कापडातलं माणूस जास्त नीट सांगेल.

पाएते म्हणजे लाकूड कोरणाऱ्यांचं गाव. चर्चमधल्या मूर्ती पिढ्यानपिढ्या इथून जातात. गल्लीतून चाललात की ठकठक ऐकू येते, त्या आवाजाच्या मागे जायचं आणि दारात उभं राहून विचारायचं बघू का म्हणून, कोणी नाही म्हणत नाही. गावच्या चर्चमध्ये होसे लुसियानो दान्स या एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक चित्रकाराची मोठी चित्रं आहेत, त्यातला सेंट क्रिस्टोफर तर भिंतभर आहे.

आणि तिथली ताका बघा, म्हणजे कागदाच्या लगद्याची खेळणी. लाकडात घोडा कोरलेला असतो, तो साचा. त्याच्यावर खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवतात, वाळलं की सुरीने मधोमध चिरून साच्यावरून काढतात, पुन्हा जोडतात आणि मग रंगवतात, लालभडक घोडा आणि अंगावर फुलंपानं. वजनाला काहीच नाही. चिरून जोडल्याची शिवण पोटाखाली हात फिरवला की लागते, ती लागली म्हणजे साच्यावरचं हातकाम समजा.

तुम्ही नोव्हेंबरात जाताय हे फार बरं. 23 नोव्हेंबरला तळ्याच्या पलीकडच्या काठावर आंगोनोला सान क्लेमेंतेचा सण असतो, तो कोळ्यांचा संत. त्यात हिगांते म्हणजे दहाबारा फुटी कागदी पुतळे मिरवतात, बहुतेक करून आदल्या रविवारी, पण त्या वर्षीची तारीख ताईला विचारून ठेवायला सांगा. पाणी उडवतात, फोन पिशवीत ठेवा.

आंगोनो मुळात चित्रकार बोतोंग फ्रान्सिस्कोंचं गाव. 1973 साली त्यांना नॅशनल आर्टिस्ट (तिथला कलावंतांचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान) केलं, मरणोत्तर. मनिलात नाव झालं तरी त्यांनी गाव सोडलं नाही, कोळी, बाजार, मिरवणुका हेच सगळं त्यांच्या भित्तिचित्रांत आहे. त्यांच्या घराच्या गल्लीत भिंतींवर त्यांच्याच चित्रांची उठावशिल्पं केलीत, चालत बघता येतात, चढ नाही. जवळच्या बिनांगोनानच्या हद्दीत खडकावर कोरलेल्या 127 आकृती आहेत, देशातली सर्वात जुनी ज्ञात खडकचित्रं. ती 1965 मध्ये याच बोतोंगना सापडली, मुलांना घेऊन फिरायला गेले होते तेव्हा.

वाचनमात्र
वाचनखूण साठवलीये. तळ्याकाठी, मस्त माहिती.

खडूफळा
मी इतिहास शिकवतो म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तळ्याकाठींनी लुंबानचं नाव घेतलं ना, तिथेच 1989 साली नदीच्या मुखाशी वाळू काढणाऱ्या माणसाला एक ताम्रपट सापडला. आकाराने वहीच्या पानाएवढा, लिपी कावी (जावाकडची जुनी लिपी), भाषा जुनी मलय आणि त्यात भरपूर संस्कृत शब्द. अंतोन पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. मजकुराची सुरुवातच बघा: स्वस्ति, शक वर्ष 822, वैशाख मास, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900 चा एप्रिल. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर शके म्हणून जो आकडा छापलेला असतो तीच गणना! आणि मजकूर कुठल्या राजाच्या पराक्रमाचा नाही, नामवरन नावाच्या माणसाचं सोन्यातलं कर्ज फिटलं, त्याच्या मुलांना आता त्रास देऊ नये, अशी सुटकेची पावती आहे. फिलिपिन्समध्ये तारीख असलेला इतका जुना लेख दुसरा नाही. मनिलात नॅशनल म्युझियम ऑफ अँथ्रोपॉलॉजीत आहे, आईंना दाखवा, तिथी वाचून दाखवा.

त्याच आवारापासून चालत नॅशनल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. आत शिरल्या शिरल्या हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराचं स्पोलियारियम, चार मीटरहून उंच आणि साडेसात मीटरहून रुंद. मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेतायत, एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला पाठ करून बसलेली एक बाई. 1884 ला माद्रिदच्या प्रदर्शनात याला सुवर्णपदक मिळालं आणि त्याच वेळी दुसरा फिलिपिनो चित्रकार हिदाल्गो याला रौप्य. वसाहतीतली दोन पोरं राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन जिंकली, त्या विजयाच्या मेजवानीत होसे रिझालने (पुढे तिथला राष्ट्रनायक) भाषण केलं आणि फिलिपिनो राष्ट्रभावनेची चर्चा त्या भाषणाशिवाय होत नाही. चित्र स्पेनमधून 1958 मध्ये मायदेशी आलं. समोरच्या भिंतीवर हिदाल्गोचं स्पॅनिश गव्हर्नर बुस्तामांतेच्या खुनाचं चित्र आहे. बोतोंगची वैद्यकाच्या इतिहासावरची चार मोठी चित्रंही तिथेच, 1953 ची, आधी ती सरकारी इस्पितळाच्या दर्शनी दालनात होती. पहिल्यात गावची वैदू बाई उपचार करतेय, तिथून सुरू होऊन आधुनिक डॉक्टरांपर्यंत.

भटकी
उत्तरेच्या डोंगरात, कालिंगात बुस्कालानला जा ना! वांग-ओद आजी, 1917 चा जन्म, झाडाच्या काट्याने आणि काजळीने गोंदतात, 2023 मध्ये शंभरी पार केलेली असताना व्होग फिलिपिन्सच्या कव्हरवर होत्या. मी जाऊन तीन ठिपके गोंदवून आलेय, तीच त्यांची सही. आता बरंचसं काम त्यांच्या भावंडांच्या नाती बघतात, ग्रेस आणि एल्यांग, त्यांच्याकडूनही आवर्जून करून घ्या, विद्या पुढे त्यांच्याच हातून जाणार आहे.

तळ्याकाठी
भटकी, तुमचं खरं आहे पण गुडघे दुखणाऱ्या आईंना घेऊन नको. मनिलाहून रात्रभर प्रवास, मग डोंगरात गाड्या बदला आणि शेवटी पायी चढ. डोंगराकडे जायचंच असेल तर बागियो करा, शहराबाहेर आसिन रस्त्यावर बेनकाबचं म्युझियम आहे. बेनकाब म्हणजे बेनेदिक्तो काब्रेरा, 2006 चे नॅशनल आर्टिस्ट. त्यांनी स्वतःच्या चित्रांबरोबर इफुगाओ या डोंगरी जमातीचे बुलुल, म्हणजे भाताच्या कोठाराची राखण करणाऱ्या लाकडी मूर्ती, एवढ्या प्रेमाने मांडल्यात की जुनं आणि नवं वेगळं काढावंसं वाटत नाही. भाऊजी भातावर काम करतात म्हटल्यावर त्यांना तर नेलंच पाहिजे.

हातमाग
उशिरा आलो. कापडाबद्दल मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

लुंबानला बारोंग म्हणजे पुरुषांच्या पारदर्शक सदऱ्यावरचं भरतकाम होतं. बायका मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून बसतात. कालादो बघा, त्यात कापडातले धागे ओढून काढतात आणि उरलेल्या धाग्यांची जाळी बांधतात, आई तिथून उठणार नाहीत. कापड तीन तऱ्हेचं मिळतं आणि किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो: पिन्या, हुसी आणि पॉलिएस्टरचा ऑर्गंझा. पिन्या म्हणजे अननसाच्या पानाचा धागा. आक्लान प्रांतात कालिबोकडे फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या कडेने पान खरवडतात, वरचा जाड धागा निघतो, मग नारळाच्या करवंटीने आतला बारीक. तो केसासारखा धागा गाठी मारत मारत लांब करायचा आणि मग मागावर. 2023 मध्ये युनेस्कोने या विणकामाला जागतिक यादीत घेतलं. एवढं ऐकल्यावर कोणी खरा पिन्या म्हणून स्वस्तात द्यायला लागला तर काय समजायचं ते समजा.

दुसरं, गामाबा हे नाव लक्षात ठेवा. 1992 च्या कायद्याने सुरू झालेला हा लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान. मला त्यातलं आवडतं ते असं की नुसतं पदक देऊन सोडत नाहीत, मानधन देतात आणि कलाकाराने ती विद्या आपल्या लोकांना शिकवायची ही त्यात अट आहे. 1993 ला पहिले तिघं: हानुनुओ मांग्यान जमातीचे कवी गिनाव बिलोग, पालावानचे गायक-वादक मासिनो इंताराय आणि मागिंदानाओचे कुत्यापी (दोन तारांचं वाद्य) वाजवणारे सामाओन सुलैमान. बिलोग अंबाहान नावाच्या कविता रचायचे, सात सात अक्षरांच्या ओळी, त्या बांबूवर सुरीने कोरतात आणि ती लिपी ब्राह्मीच्या कुळातली आहे, खडूफळा सरांना आवडेल.

1998 ला लांग दुलाय. मिंदानाओत लेक सेबूच्या तिबोली जमातीच्या बाई, तिनालाक नावाचं अबाकाचं कापड विणायच्या. अबाका म्हणजे केळीच्या जातीचं झाड, त्याच्या खोडाचा धागा. कागदावर नक्षी नसते, ताण्याच्या धाग्यांना गाठी मारतात त्या आठवणीतून, आणि नक्षी स्वप्नात दिसते असं त्या लोकांचं मानणं आहे, अबाकाची देवता फू दालू ती दाखवते. रंग तीनच, काळा पानांचा, तांबडा मुळीचा आणि धाग्याचा स्वतःचा. विणून झालं की कवडीने घासून घासून चकाकी आणतात. आणि हे कापड ओलांडायचं नाही. लांग दुलाय 2015 ला गेल्या, 2023 ला त्याच लेक सेबूच्या बार्बरा ओफोंग यांना हाच सन्मान मिळाला, म्हणजे माळ तुटली नाही.

आता बाजारात तिनालाकची नक्षी छापलेल्या पर्स, मोबाईलची पाकिटं ढिगाने मिळतात, ती घेऊ नका. खरं कापड ताठ असतं, अरुंद पट्ट्यात येतं आणि ताणाच रंगवलेला असल्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखी दिसते. छापील कापडाची उलटी बाजू फिकी. आईंची सवय इथे कामाला येईल.

नीलपंख
बाप रे किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. आई आत्ताच लुंबान लुंबान करतेय. दोन प्रश्न. लेक सेबू या वेळी जमणार नाही, मग तिनालाक मनिलात कुठे घेऊ? आणि घासाघीस करतात का तिकडे?

हातमाग
हाबी म्हणून तिथली कापड परिषद आहे, तिचा दरवर्षी मनिलाला लागून असलेल्या मकातीत मेळा भरतो, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तारीख जुळते का बघा. वेगवेगळ्या प्रांतातले विणकर स्वतः येतात, कापड कोणी विणलं ते विचारता येतं. तिथे नाव विचाराच, कुठल्या गावचं, नक्षीला काय म्हणतात, कोणाकडून शिकलात. आणि ते कागदावर लिहून कापडाबरोबर ठेवा म्हणजे तुमच्या घरात ते कापड नावानिशी राहील.

घासाघीस विणकराशी करू नका ही कळकळीची विनंती. एका तिनालाकला धागा काढण्यापासून महिनोन्महिने लागतात. परवडत नसेल तर छोटा तुकडा घ्या पण सांगितलेल्या किमतीला घ्या.

मर्लायन
सिंगापूरहून विमान बदलणार असाल आणि हाताशी वेळ असेल तर रॉबर्टसन कीजवळ आल्काफ पूल बघा, बातानेस बेटांवर जन्मलेल्या पासिता आबाद यांनी 2004 मध्ये रंगवलेला. तेव्हा त्यांना कॅन्सर होता आणि त्याच वर्षी त्या गेल्या. शिवून, कापूस भरून, आरसे, मणी, कवड्या लावून चित्रं करायच्या त्या, देशोदेशी फिरून तिथल्या बायकांचं हातकाम शिकल्या. मोठ्या म्युझियमांनी त्यांना पूर्ण मान दिला तो फार उशिरा, गेल्या काही वर्षांत. भरतकाम करणाऱ्या आईंनी हे नाव ऐकलंच पाहिजे असं मला वाटतं.

खडूफळा
मुलाचं राहिलंच की. त्याला लॅरी अल्काला शोधायला सांगा. पानभर गर्दीचं चित्र काढायचे, जत्रा, बस, बाजार, आणि त्यात कुठेतरी स्वतःचा चेहरा लपवून ठेवायचे, लोक दर आठवड्याला शोधत बसायचे. 2018 मध्ये त्यांना नॅशनल आर्टिस्ट केलं, त्याआधी 2014 ला फ्रान्सिस्को कोचिंगना, म्हणजे कॉमिक्सवाल्यांना चित्रकारांच्याच रांगेत बसवलं. सत्तरच्या दशकात नेस्तोर रेदोंदो, आल्फ्रेदो अल्काला, आलेक्स निन्यो असे कितीतरी जण अमेरिकन कॉमिक्ससाठी काम करत होते, मुलाने त्यांची शाईची कामं बघितलीच पाहिजेत, एकेक रेघ. आणि कोमिकॉन नावाचं संमेलन मनिलात भरतं, तिथे आजची तरुण मंडळी स्वतः छापलेली पुस्तकं स्वतःच विकायला बसतात. त्याची वही बरोबर द्या.

तळ्याकाठी
अजून एक, जुनं काही घेऊ नका. जुने बुलुल, चर्चमधून निघालेल्या जुन्या मूर्ती कोणी दाखवल्या तर सरळ नाही म्हणा, अशा वस्तू नॅशनल म्युझियमच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत आणि बऱ्याचदा त्या कोणाच्यातरी गावातून उचललेल्या असतात. पाएतेत आज काम करणाऱ्या माणसाकडून नवी मूर्ती घ्या, तीसुद्धा तितकीच देखणी असते.

आणि क्रम असा ठेवा: पाएते-लुंबान आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर, म्हणजे कारागीर कामावर बसलेले दिसतील. मनिलाची दोन्ही म्युझियमं एकाच दिवशी, सोमवार सोडून. आंगोनो मिरवणुकीच्या दिवशी, पण पहाटे निघा, नंतर रस्ते बंद करतात. ताका घोडा घेतलात तर सामानात टाकू नका, केबिनमध्ये हातात आणा.