घंटागाडी मागच्या गल्ल्यांपर्यंत येतच नाही, तक्रार नेमकी कशी आणि कुठे करायची?

प्लॉटवाला
राम राम मंडळी. वाढीव हद्दीतली बिनशेती प्लॉटांची कॉलनी आहे, साधारण १२० घरं. घंटागाडी रोजची म्हणतात, पण मागच्या दोन गल्ल्यांना आठवड्यातून तीन-चार दिवसच मिळते. सुक्या कचऱ्याचा ठरलेला वारही चुकतो. आखाजीपासून आमरसाच्या साली-कोयींनी बादल्या भरताहेत आणि ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. मोबाइलवर टाकलेली तक्रार दुसऱ्या दिवशी 'निकाली' दिसते, गाडी मात्र दिसत नाही. अर्ज कोणाला द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि तोवर ओल्या कचऱ्याचं काय करायचं? राजकारण नको भो, उपाय सांगा. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

फेरी_नंबर_दोन
'गाडी येत नाही' हे वाक्य अर्जात लिहूच नका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. आधी काय चुकतंय ते ओळखा.

अख्खी कॉलनी सुटत असेल, तर गाडी नादुरुस्त आहे किंवा ड्रायव्हर रजेवर आहे आणि बदली माणसाला रस्ता माहीत नाही. गाडी आली पण ठरावीक घरांचा कचरा घेतला नाही, तर बहुतेक वेळा ओला-सुका एकत्र असतो. तुमच्यासारखं नेहमी शेवटच्याच गल्ल्या सुटत असतील, तर गाडीचा कचऱ्याचा हौद आधीच भरतोय.

हिशोब करून बघा. माणशी रोजचा कचरा ३०० ते ४०० ग्रॅम धरला तर पाच जणांच्या घराचा दीड-दोन किलो होतो. छोट्या हत्तीवरचा टिपर ६००-७०० किलोला भरला समजा, म्हणजे साडेतीनशे घरांच्या आसपास. त्या गाडीकडे त्याहून जास्त घरं असतील तर दुसरी फेरी लागतेच. पहिली फेरी खाली करायला गाडी कचरा डेपोवर जाते, तिथे वजनकाट्यावर रांग असते, तोवर ड्युटी संपते आणि मागची गल्ली राहते. आंब्याच्या दिवसांत ओला कचरा वाढतो, त्यामुळे हौद आणखी लवकर भरतो. म्हणून मागणी 'गाडी पाठवा' अशी नको. 'दुसरी फेरी लावा, किंवा एक दिवसाआड फेरी आमच्या टोकाकडून सुरू करा' अशी करा. दुसरा पर्याय फुकटचा आहे, तो मुकादमाच्या पातळीवरही होतो.

आवक_जावक
वरचं बरोबर, पण मुकादमाला तोंडी सांगून चार दिवस फरक पडतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कागद लागतो.

अर्ज प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाच्या नावे, प्रत आरोग्य विभागप्रमुखांना. नगरपरिषद असेल तर स्वच्छता निरीक्षक, आणि प्रत मुख्याधिकाऱ्यांना. दोन प्रती न्या, कार्यालयाच्या आवक विभागात एकीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. आत असं लिहा:

"प्रभाग क्र. __, __ कॉलनी, गल्ली क्र. ४ व ५ (घर क्र. __ ते __) येथे पुढील तारखांना घंटागाडी आली नाही: __. यांपैकी __ या तारखांना गाडी क्र. __ गल्ली क्र. ३ पर्यंत येऊन परत गेली. सदर तारखांची जीपीएस नोंद तपासून करारनाम्यानुसार मक्तेदारावर कार्यवाही करावी व फेरीचा क्रम बदलावा."

तारखांसाठी दाराआडच्या कॅलेंडरवर खूण करायची, बस. दोन-तीन घरांनी वेगवेगळी खूण केली तर आणखी बरं, आणि सह्या गल्लीतल्या सगळ्यांच्या.

मोबाइलवरची तक्रार बंद होते, कारण कॉलनीत गाडी आली एवढाच फोटो पुरतो. तुम्ही गल्लीच्या टोकाच्या न उचललेल्या बादल्यांचा, मागे घराचा नंबर दिसेल असा फोटो टाका. प्रकार 'कचरागाडी आली नाही' हाच निवडा. 'कचऱ्याचा ढीग' निवडला तर ढीग उचलतात आणि तक्रार मिटते. खोटी निकाली काढली तर तीच पुन्हा उघडा, नवी टाकू नका.

तरीही हललं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ठरावीक महिन्याचे त्या गाडीचे जीपीएस अहवाल आणि वजनकाट्याच्या पावत्या मागा. 'का येत नाही' असा प्रश्न विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

काटा_पावती
मक्तेदाराच्या करारनाम्यातलं दंडाचं कलमही मागा. बिल टनावर निघत असेल तर मक्तेदाराला जड माल परवडतो, माती-डबर पटकन उचललं जातं. सुका कचरा हलका, जागा मात्र खाऊन बसतो, म्हणून त्याचा वार पहिला बुडतो. बिल घरामागे असेल तर घरावरच्या किंवा गल्लीच्या क्यूआर कोडचं स्कॅनिंग बघा. कोड गल्लीच्या तोंडाशीच असेल तर तिथून स्कॅन करून गाडी वळते आणि कागदोपत्री तुमची गल्ली 'झाली'. कोड शेवटच्या घरावर लावायला सांगा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतील.

परसबाग
ओल्या कचऱ्याचं सांगतो. पाणी निथळूनच बादलीत टाका, तळाला वर्तमानपत्र. वास येतो तो पाणी साचून हवा न मिळाल्यामुळे, नुसत्या उन्हामुळे नाही.

गाडीवर अवलंबून राहायचं नसेल तर रंगाची २० लिटरची बादली घ्या, तळाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली विटेचे दोन तुकडे. एक वाटा ओला, दोन वाटे सुका पाला. कडुनिंबाचा, पिंपळाचा, काहीही चालतो. बादली सावलीत. मूठभर काढून दाबलं की थेंब-दोन थेंब पाणी यावं. धार लागली तर पाला घाला, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. आपल्याकडच्या उन्हात वाळून काम थांबणं हीच जास्त अडचण असते. आमरसाच्या साली बारीक करून पाल्याखाली पुरा, वर उघड्या ठेवल्या की चिलटं झालीच. कोयी मात्र त्यात नको, महिनोन्महिने तशाच राहतात. उन्हात वाळवून वेगळ्या द्या. केळीची सालं चालतात, दांडा कापून टाका.

आणि पेटवू नका. हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड आहे, आणि तुमच्या तक्रारीचा जोरही जातो.

प्लॉटवाला
धन्यवाद सगळ्यांना. कोड गल्लीच्या तोंडाशीच आहे, विजेच्या खांबावर. कूलरचं जुनं गवत आणि मुलांचे डायपर कशात? दोन्ही परत ठेवतात.

फेरी_नंबर_दोन
गवत पूर्ण वाळवून, झटकून, गुंडाळी बांधून सुक्यात. ओलं दिलं तर वजनामुळे आणि वासामुळे नाकारतात. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांतही ते वेगळे गुंडाळूनच द्यायचे होते, २०२६ च्या नियमांत ओला आणि सुका सोडून त्यांचा स्वतंत्र गट आहे. ओल्यात सापडले तर अख्खी बादली परत येते, त्यावर भांडून उपयोग नाही. खोकी मात्र उलगडून सपाट द्या, आठ-दहा खोक्यांनी हौदाचा कोपरा भरतो आणि त्याचा फटका पुन्हा तुमच्याच गल्लीला बसतो.