सकाळची साखर आणि ताण

मधुमेहासाठी भात-पोळी बंद करून पनीर-अंड्यांवर आलात, तरीही सकाळची उपाशीपोटीची साखर 120 च्या खाली येत नाही, असं तुम्ही तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय. दोष रात्रीच्या जेवणाचाच असेल असं नाही हो. पहाटे कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) वाढतं आणि यकृत स्वतःच साखर तयार करून रक्तात सोडतं, ताटात कर्बोदकं नसली तरी. त्यात पाच तासांची झोप, ऑफिसचं टेन्शन, वर 16 तासांचा उपास आणि जिम! शरीराला हा सगळा ताणच. माझ्या मते पनीर-अंड्यांचा हिशेब नंतर, आधी झोप सावरा, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला.

कर्बोदकं बंद केल्यावर सुरुवातीच्या दिवसांत शरीरातलं इन्शुलिन उतरतं तसं मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात. मग चक्कर, धडधड, चिडचिड. बीपी, किडनीचा त्रास नसेल तर ताकात थोडं जास्त मीठ घालून बघा.

एक मात्र कळकळीने सांगते. मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते लिहिलं नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी) असेल तर मीटरवर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साचणं, होऊ शकतो. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. डोस डॉक्टरांकडून आजच तपासून घ्या.