घराचं वेळापत्रक एकाच माणसाच्या डोक्यात का राहावं?

मुठाकाठ (धागाकर्ती):
नवरात्राआधी घर आवरायला काढलं की तुळशीबागेतून डबे, बास्केट, हुक येतात. लेबलं लागतात. दिवाळी सरेपर्यंत घर पुन्हा होतं तसं. माझं ठाम मत आहे की यात कपाटांचा दोष थोडा आहे. कुठली वस्तू कुठे आहे आणि कुठलं काम कधी करायचं हे घरात एकालाच ठाऊक असतं, बाकीचे त्या व्यक्तीला विचारत राहतात. बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे आई किंवा सून.

गॅसचंच घ्या. सिलिंडर संपत आलाय हे लक्षात येणं, नंबर लावणं, आणायला येतील तेव्हा घरी कुणीतरी असणं, मोबाईलवर आलेला कोड सांगणं, पैसे देणं. मोबाईल नवऱ्याच्या नावावर आणि नवरा हिंजवडीत मीटिंगमध्ये, म्हणजे कोड मागायला फोन करण्याचं आणखी एक काम. 'गॅसचं मी बघतो' म्हणणारा माणूस यातलं नंबर लावणं तेवढं करतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनपगारी कामाला ते करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटं लागतात असं दिसलं. पण लक्षात ठेवण्याचं काम पोळ्या लाटताना, बसमध्ये उभं असतानाही चालूच असतं. ते कुठल्या मिनिटांत धरणार?

म्हणून आधी कामं वाटा, आणि अख्खी वाटा. ज्याच्याकडे गॅस, त्याच्याकडे तो संपत आलाय हे बघण्यापासून सगळं. कपाटं नंतर लावता येतात.

शनिवारातली:
प्रचंड असहमत. आमच्या दोन खोल्या, वर माळा, माणसं पाच. वाटणी करायची, भिंतीवर तक्ता लावायचा, तो कुणी पाळला नाही की आठवण करायची, हे सगळं करणार कोण? पुन्हा मीच. आधी काम करत होते, आता मुकादमकीही करायची!

दुसरं जास्त महत्त्वाचं. दूध, पेपर, इस्त्रीचे खाडे सासूबाई कालनिर्णयवर मांडतात. श्राद्धाच्या तिथी, कुणाला काय आहेर केला होता, लोणच्याच्या कैऱ्या कुठल्या आठवड्यात आणायच्या, सगळं त्यांच्या डोक्यात. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं बंद झालंय. घरातलं कुणीही अडलं की त्यांनाच विचारतं, हा त्यांचा मान आहे. तुम्ही ज्याला ओझं म्हणताय ते त्यांच्याकडून काढून घेतलं तर त्यांच्या हाती काय उरेल?

चाकण_फर्स्ट_शिफ्ट:
मी कारखान्यात आहे. आमच्याकडे जपानी फाइव्ह-एस रोज पाळतात: नको ते वेगळं काढा, उरलेल्याला जागा ठरवा, साफ ठेवा, सगळ्यांसाठी एकच पद्धत करा, ती टिकवा. बोर्डावर पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसेल तर नुसतं बघून कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. पहिल्या शिफ्टचा माणूस गेला तरी दुसऱ्याचं काम अडू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. धागाकर्तीचा मुद्दा मला तंतोतंत पटतो.

घरी मी एक गोष्ट नक्की करा म्हणेन. ठेवावं की टाकावं हे ठरत नसेल त्या वस्तूला लाल चिठ्ठी लावून तारीख घालतात. मुदत ठरलेली असते. तोवर कुणी वापरली नाही तर ती जाते. माळ्यावर हे करून बघा, नवरा-बायकोतला निम्मा वाद मिटतो.

औंधकर:
वाटणी वगैरे ठीक, पण तुम्ही सगळे मूळ सोडून बोलताय. घरात वस्तूच जास्त आहेत. निम्म्या बाहेर काढा, वेळापत्रक आपोआप सुटसुटीत होतं. पुण्यात वाटाही आहेत. बोहारीण कपडे नेते, क्रमिक पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जातात, लोखंडी सामान बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. सुका कचरा 'स्वच्छ'च्या ताईंकडे वेगळा दिला की त्यातलं विकून त्यांनाही चार पैसे मिळतात, कारण ती संस्था कचरावेचकांचीच आहे.

शनिवारातली:
औंधकर, तुमच्याकडे लागेल तेव्हा नवीन आणायला पैसे आहेत. आमच्याकडे जुना मिक्सर ठेवतात, कारण त्याचं भांडं पुढच्याला बसतं. कमी वस्तूंची हौस सगळ्यांना परवडत नाही.

औंधकर:
हे मान्य. मी बंद पडलेल्या आणि दुहेरी वस्तूंबद्दल बोलत होतो.

मुठाकाठ (धागाकर्ती):
शनिवारातली ताई, तुमचा पहिला आक्षेप बरोबर आहे, म्हणून तर 'अख्खी' म्हटलं. तक्ता लावून तुम्हीच लक्ष ठेवणार असाल तर काहीच वाटलं गेलं नाही. ज्याचं काम तो विसरला तर एक दिवस गॅसवाचून काढावा लागेल, आणि तो काढू द्यावा. हे अवघड आहे, मला माहीत आहे. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा हट्ट करूच नये.

सासूबाईंबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. मान विचारण्यात आहे, हे खरं. पण उद्या त्या चार दिवस दवाखान्यात असल्या तर पॉलिसीचे कागद, मिळकतकराच्या पावत्या, पेन्शन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची फाइल कुठे आहे हे कुणाला ठाऊक आहे? माणूस तापाने फणफणलेला असताना उशाशी जाऊन 'किल्ली कुठाय' विचारणं यात त्यांचा मान कसा राहतो? नातवंडांनी त्यांच्यासमोर बसून सगळं लिहून घ्यावं. कैऱ्यांचा आठवडासुद्धा. सांगणाऱ्या त्याच राहतील.

चाकण_फर्स्ट_शिफ्ट:
+१. आमच्याकडेही पद्धत लिहून काढताना जुन्या कामगारालाच बसवतात. साहेब लिहायला बसला की चुकतं.

शनिवारातली:
लिहून घ्यायला हरकत नाही. कागदांचं तर करायलाच हवं, ते पटलं. गॅसवाचून दिवस काढण्याचं मात्र माझ्याच्याने होणार नाही. संध्याकाळी मुलं भुकेली आली की शिक्षा कुणाला होते? ज्याचा विसर पडला तो बाहेरून खाऊन येईल. ही वाटणी ज्या घरात दोघांनाही तेवढीच झळ बसते तिथे चालेल. आमच्याकडे आधी ती झळ सारखी व्हायला हवी, आणि ते कुठल्या तक्त्याने होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुठाकाठ (धागाकर्ती):
तक्त्याने होणार नाही. मग जेवणाशी संबंध नसलेलं काम आधी द्या: मिळकतकर, गाडीचा विमा, मुलांची फी. मुदत चुकली तर दंड त्याच्याच खात्यातून जाईल असं ठरवून.