मदत हवी आहे: मुंबईतला पोस्टग्रेस (डेटाबेस) हैदराबादलाही उभा ठेवायचाय. रेप्लिका, बॅकअप की ऑरोरा?

सांगलीकर_देव

नमस्कार मंडळी. क्लाउडवर डीआर (आपत्तीतही सेवा चालू ठेवण्याचा) सेटअप केलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमची छोटी कंपनी आहे, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते. काट्यावर लिटर, मशिनवर फॅट-एसएनएफ, लगेच पावती आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाच्या खात्यावर बिल. डेटाबेस ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट): आरडीएस (ॲमेझॉन सांभाळते ती डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस १५, मल्टी-एझेड (त्याच रीजनच्या दोन वेगळ्या ठिकाणी मशिनं), साधारण ४०० जीबी. ऑटोमॅटिक बॅकअप सात दिवसांचे, तेही मुंबईतच.

एका मोठ्या दूध संघाचा करार नव्याने होतोय. बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "२६ जुलैसारखं पुन्हा झालं आणि सगळी मुंबईच बंद पडली, तर आमच्या सभासदांचं बिल कोण काढणार?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला होता. मी मल्टी-एझेड समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही मशिनं मुंबईतच ना?" पुढे बोलायला जागाच उरली नाही.

आता करारात लिहून द्यायचंय: डेटा जास्तीत जास्त १५ मिनिटांचा जाईल, सेवा दोन तासांत परत येईल, डेटा भारताबाहेर जाणार नाही. तिसऱ्या अटीमुळे सिंगापूर बाद, म्हणून हैदराबाद रीजन.

एक गोष्ट आमच्या बाजूने आहे. केंद्रावरचा पीसी नेट नसतानाही चालतो, पावत्या साठवून नंतर वर पाठवतो. पण शीतकरण केंद्राची आणि टँकरची स्क्रीन थेट सर्व्हरवर चालते. सकाळी साडेपाच ते नऊ या वेळात ती बंद पडली की फोन थांबत नाहीत.

माझे प्रश्न: दुसऱ्या रीजनमध्ये रीड रेप्लिका (मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारी, फक्त वाचायची जिवंत प्रत) ठेवावी की बॅकअपची प्रत पुरेल? फेलओव्हर (मुंबई पडली की हैदराबादवर जाणं) आपोआप होईल असं करावं का? आणि मुंबई परत सुरू झाली की माघारी कसं यायचं? या शेवटच्या प्रश्नावर कुणीच नीट लिहिलेलं सापडत नाही.

---

रात्रपाळी_डीबीए

दोन्ही ठेवा. रेप्लिका आणि बॅकअप वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. कुणी चुकून व्हेअर (कुठल्या ओळी, ही अट) न लावता डिलीट चालवलं, तर रेप्लिका तो डिलीट इमानेइतबारे काही सेकंदांत हैदराबादलाही चालवते. तिथे मागच्या वेळेवर जाणारा बॅकअपच कामाला येतो.

फक्त बॅकअपवर दोन तासांचं वचन मात्र देऊ नका. बॅकअपची प्रत दुसऱ्या रीजनला पाठवण्याची सोय आरडीएसमध्ये आहे, तिच्यात स्नॅपशॉटबरोबर (त्या क्षणाची पूर्ण प्रत) वॉलच्या (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही) फायलीही जातात, त्यामुळे १५ मिनिटांची अट बहुतेक वेळा भागेल. अडचण रिस्टोअरची. स्नॅपशॉटवरून उभा केलेला डेटाबेस कन्सोलवर 'अव्हेलेबल' दिसतो, तेव्हा सगळे ब्लॉक डिस्कवर आलेले नसतात. एखादा ब्लॉक पहिल्यांदा वाचला की तो मागून एस-थ्रीतून (ॲमेझॉनच्या फाइल साठ्यातून) ओढून आणला जातो. ४०० जीबीच्या बेसवर सकाळी सहाला सगळी केंद्रं एकदम आदळली, तर डेटाबेस चालू असूनही बंद असल्यासारखाच वागेल.

रेप्लिका करताना लोक जिथे अडकतात ते सांगतो.

हैदराबाद रीजन खात्यात मुळात बंद असतो. मार्च २०१९ नंतर आलेले सगळे रीजन आधी एनेबल करावे लागतात. आपल्याला हवा तो इन्स्टन्स क्लास (मशिनचा प्रकार) तिथे मिळतो का, बॅकअपच्या प्रतीसाठी ही जोडी चालते का, हेही करारावर सही करण्याआधी बघा.

डेटाबेस एन्क्रिप्टेड असेल तर मुंबईची केएमएस की (एन्क्रिप्शनची किल्ली) तिकडे चालत नाही, हैदराबादची की वेगळी द्यावी लागते. पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंग्ज) आणि सिक्युरिटी ग्रुपसुद्धा (कुणाला जोडता येईल याचे नियम) रीजनपुरतेच असतात. तिकडे डीफॉल्ट पॅरामीटर ग्रुप लागला आणि तुमचं महिनोन्महिन्यांचं ट्यूनिंग मुंबईतच राहिलं, हे प्रमोट केल्यावर (रेप्लिकालाच मुख्य डेटाबेस केल्यावर) कळतं.

पैसे वाचवायला रेप्लिका लहान घेणार असाल तर मॅक्स-कनेक्शन्सकडे (एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या) बघा. आरडीएसमध्ये तो आकडा मेमरीवरून ठरतो. रेप्लिकावर तो मूळ डेटाबेसपेक्षा कमी चालत नाही. कमी पडला तर रेप्लिका सुरूच होत नाही किंवा तिची रिकव्हरी मध्येच थांबते. आकडा हाताने सारखा ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्या रीजनच्या रेप्लिकासाठी मूळ डेटाबेसवर रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकाला न पोचलेला वॉल धरून ठेवणारी नोंद) तयार होतो. रेप्लिका तुटली की तिच्यासाठीचा वॉल मुंबईत साचत राहतो. कुणाचं लक्ष नसेल तर डिस्क भरते आणि जो चांगला चालला होता तो मुंबईचाच डेटाबेस बंद पडतो. आपत्तीसाठी केलेली सोयच आपत्ती आणते. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेख सेवा) 'ओल्डेस्ट रेप्लिकेशन स्लॉट लॅग' आणि 'ट्रान्झॅक्शन लॉग्ज डिस्क युसेज' या दोन्हींवर अलार्म लावल्याशिवाय रेप्लिका करूच नका.

---

पैसावसूल

वरच्याशी सहमत, पण एवढं सगळं लागतं का? पावत्या केंद्राच्या पीसीवर आहेतच. शीतकरण केंद्राला अर्धा दिवस वहीत लिहू द्या. बॅकअपची प्रत हैदराबादला, आठ तासांचं वचन आणि करारात तसं स्पष्ट. रेप्लिका म्हणजे चोवीस तास चालणारं मशिन, डिस्क, शिवाय रीजन ओलांडणाऱ्या प्रत्येक जीबीचं बिल. वर्षानुवर्षं भरायचं आणि कदाचित एकदाही वापरायचं नाही. छोट्या कंपनीने संचालकांच्या एका प्रश्नावर एवढा खर्च का अंगावर घ्यावा?

---

सांगलीकर_देव

@पैसावसूल, मलाही तेच वाटत होतं. पण शीतकरण केंद्रावर टँकरचा क्रम आणि टाकीतली पातळी त्याच स्क्रीनवर बघतात. दूध वाट बघत नाही, नासतं. आठ तास संघ मान्य करणार नाही. रेप्लिकाचा खर्च दरात धरतोय, मल्टी-एझेड न घेता एकच मशिन ठेवू.

ऑरोरा ग्लोबलबद्दल (ॲमेझॉनचा स्वतःचा, पोस्टग्रेसशी जुळणारा, अनेक रीजनमध्ये चालणारा डेटाबेस) कुणी सांगेल का? विक्रेत्यांचे लोक तेच पुढे करतात.

---

मुक्काम_हैदराबाद

ऑरोरा ग्लोबलमध्ये रेप्लिकेशन स्टोरेजच्या पातळीवर होतं, मागे राहणं सहसा एका सेकंदाच्या आत. ठरवून केलेला स्विचओव्हर तर फारच सोपा, भूमिका बदलतात आणि उलट्या दिशेचं रेप्लिकेशन तसंच चालू राहतं. तुमच्या माघारी येण्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथे आहे. पण त्यासाठी आख्खा डेटाबेस ऑरोरावर न्यावा लागेल. १५ मिनिटांच्या अटीसाठी हा घाट घालू नका.

आपोआप फेलओव्हर: नको, अजिबात नको. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी सेवा) नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य करून टाकले. दोन्हीकडे थोडं थोडं वेगळं लिखाण झालं होतं, ते निस्तरून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. तेवढं मनुष्यबळ असलेल्यांची ही गत. तुमच्याकडे कोण माणूस निर्णय घेणार, तो फोन उचलत नसेल तर कोण, आणि किती मिनिटं मुंबई गप्प राहिली की घेणार, एवढं कागदावर लिहा. प्रमोट करणं काही मिनिटांचं काम आहे. दोन तासांतला बहुतेक वेळ "थांबू या की करू या" यातच जातो.

प्रमोट केल्यावरचा खरा धोका म्हणजे मुंबई परत येणं. जुना डेटाबेस जागा होतो, त्याला माहीतच नसतं की गादी दुसऱ्याला दिलीय. ज्या ॲपकडे जुना पत्ता कॅशमध्ये आहे ते त्याच्यातच लिहीत बसतं. डीएनएस रेकॉर्डचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) टीटीएल (तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा) ६० सेकंद ठेवा. जावा वापरत असाल तर जेव्हीएमची स्वतःची डीएनएस कॅश असते, तीही तपासा. आणि मुंबईचा सिक्युरिटी ग्रुप बंद करणं ही पायरी यादीत पक्की लिहा, संधी मिळेल त्या क्षणी करायची.

पीजी क्रॉनवर (डेटाबेसमधली कामं ठरल्या वेळी चालवणारी सोय) काही जॉब आहेत का? रेप्लिकावर ते गप्प असतात, प्रमोट झाल्यावर चालू होतात. मुंबईचेही चालू असतील तर दहा दिवसांच्या बिलाची फाईल दोनदा तयार होईल. बँकेने दोन्ही स्वीकारल्या तर पैसे परत मागायला गावोगाव फिरा.

बँकेवरून आठवलं. तुमचा सर्व्हर बँकेला फाईल पाठवतो तो कुठल्या आयपीवरून? मुंबईच्याच ना. बहुतेक बँका ठरलेल्या आयपीशिवाय दार उघडत नाहीत, एसएमएसवाल्यांचंही तसंच. हैदराबादचा आयपी आजच घेऊन ठेवा आणि आजच बँकेला पत्र द्या. आपत्तीच्या सकाळी त्यांच्या शाखेतून ही मंजुरी मिळवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून जेवण.

---

सांगलीकर_देव

आयपीचा मुद्दा आमच्या यादीतच नव्हता. बिलाचा जॉब पीजी क्रॉनवरच आहे. दोन्हींबद्दल मनापासून आभार.

@रात्रपाळी_डीबीए साहेब, माघारी येण्याचं राहिलं. शिवाय रेप्लिका मागे असताना ज्या पावत्या मुंबईत लिहिल्या गेल्या पण हैदराबादला पोचल्या नाहीत, त्यांचं काय?

---

रात्रपाळी_डीबीए

प्रमोट झालेली रेप्लिका पुन्हा रेप्लिका होत नाही. जुन्या मुंबईच्या डेटाबेसलाही हैदराबादच्या मागे जोडता येत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर पीजी रिवाइंड (जुना डेटाबेस नव्याच्या मागे जोडण्याजोगा करणारं साधन) वापरता येतं, आरडीएसमध्ये त्याला हात लावता येत नाही. म्हणून हैदराबादवरून मुंबईत नवी कोरी रेप्लिका बांधायची, ती बरोबरीला आली की दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळेत, लिखाण थांबवून तिला प्रमोट करायचं. मग पुन्हा हैदराबादला नवी रेप्लिका. घाई नको. हैदराबादवर आठवडाभर राहिलात तरी उत्पादकाला काही फरक पडत नाही.

जुना मुंबईचा डेटाबेस लगेच डिलीट करू नका, न पोचलेल्या नोंदी त्यातच आहेत. पण तुमच्याकडे याहून सोपी वाट आहे: केंद्राचे पीसी. फेलओव्हरनंतर प्रत्येक केंद्राला शेवटच्या तासाभराच्या पावत्या पुन्हा पाठवायला लावा. केंद्र क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ, सभासद क्रमांक आणि केंद्राचा पावती क्रमांक मिळून युनिक की ठेवा, म्हणजे आधी आलेली पावती दुसऱ्यांदा आली तर गुपचूप सोडून देता येते. यातून तुमचं नुकसान जवळजवळ शून्यावर येतं. करारात मात्र १५ मिनिटंच लिहा.

सर्व्हरवरचे बिल क्रमांक सीक्वेन्समधून (डेटाबेसचा क्रमांक देणारा काउंटर) येतात का? पोस्टग्रेस सीक्वेन्सची नोंद वॉलमध्ये ३२ आकडे पुढची करून ठेवतो. प्रमोट झाल्यावर क्रमांक एकदम पुढे उडी मारू शकतो. डेटा गेलेला नसतो, पण लेखापरीक्षक मधली बिलं मागतील. संघाच्या लेखा विभागाला आधीच सांगून ठेवा.

---

पैसावसूल

खर्चाबाबत माझं मत तेच आहे, पण ही पावत्या पुन्हा पाठवायची युक्ती बिनपैशाची आहे, ती आधी करा.

आणि क्लाउड जळत नाही असं कुणी म्हणालं तर दोन उदाहरणं द्या. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं, बॅकअप त्याच आवारात ठेवलेल्यांचे दोन्ही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तिथल्या जी-ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची दुसरी प्रतच नव्हती.

---

सांगलीकर_देव

अपडेट. हैदराबादची रेप्लिका उभी केली, दोन्ही अलार्म लावले, सीक्रेट्स (पासवर्ड वगैरे) आणि एस-थ्रीतल्या पावत्यांची प्रतही तिकडे जातेय. तालमीसाठी वेगळी तात्पुरती रेप्लिका करून तिलाच प्रमोट करणार आहोत, म्हणजे खरी तुटत नाही.

एकच कोडं. दिवसा लॅग (रेप्लिका किती मागे) एक-दोन सेकंद. रात्री केंद्रं बंद झाली की आलेख चढतो, पाच मिनिटांच्या आसपास जातो, खाली येतो, पुन्हा चढतो. करवतीच्या दात्यांसारखा. रात्री दीडला अलार्म वाजतोय. नेटवर्कचं काही आहे का?

---

रात्रपाळी_डीबीए

नेटवर्क ठीक आहे. लॅग म्हणजे रेप्लिकावर शेवटचा व्यवहार लागू होऊन किती वेळ झाला. मुंबईत रात्री कुणी काही लिहीतच नाही, तर लागू काय होणार? आरडीएस दर पाच मिनिटांनी वॉलची फाईल बदलतो, तेव्हा आकडा खाली येतो.

मुंबईत एक ओळीचं टेबल करा आणि दर मिनिटाला त्यात चालू वेळ लिहा. पीजी क्रॉनवर टाका, वेगळं मशिन नको. आलेख सपाट होईल, मग अलार्म पाच मिनिटांवर ठेवता येईल. त्याच टेबलाचा दुसरा उपयोग प्रमोट करण्याच्या अगदी आधी: हैदराबादवर ती ओळ वाचली की नेमकं किती वाजेपर्यंतचं पोचलंय ते कळतं, आणि केंद्रांना कुठून पुढच्या पावत्या पाठवायला सांगायचं तेही.