खोल प्रावरणातील पाणी: तापमानाबरोबर दाबही पाहावा

पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, म्हणजे प्रावरणात, खोलवर दीड हजार अंश सेल्सिअसला खनिजातले पाणी उडूनच जाईल, ही शंका वाजवी असली तरी तीत दाबाचा विचार राहून गेला आहे. मुळात हे पाणी द्रवरूपात नसतेच. प्रचंड दाबाखाली तयार होणाऱ्या रिंगवूडाइट या खनिजाच्या स्फटिकात मॅग्नेशियमची एखादी जागा रिकामी राहिली, की विद्युतभार जुळवण्यासाठी दोन हायड्रोजन आयन लगतच्या ऑक्सिजनांशी बांधले जातात. म्हणजे ‘पाणी’ हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडी) रूपात रचनेचाच भाग होते. त्यामुळे ४१० ते ६६० किलोमीटर खोलीच्या, वरच्या व खालच्या प्रावरणामधल्या संक्रमण पट्ट्यात वॅड्सलेआइट आणि रिंगवूडाइट ही खनिजे वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत पाणी सामावू शकतात.

ब्राझीलमधील जुइना येथील हिऱ्यात अडकलेल्या, जेमतेम ४० मायक्रोमीटरच्या रिंगवूडाइट कणात सुमारे दीड टक्का पाणी असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. (एका कणावरून सबंध पट्टा ओला ठरवणे मात्र घाईचे होईल.)

संक्रमण पट्ट्याखालच्या ब्रिजमनाइट या खनिजामध्ये पाणी फारच थोडे मावते. तेथे भिस्त आहे ती बुडणाऱ्या, तुलनेने थंड भूपट्टातील ‘फेज डी’ आणि ‘फेज एच’सारख्या दाट रचनेच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांवर; त्यांत अ‍ॅल्युमिनियम मिसळले, तर ती आणखी जास्त तापमानातही टिकतात.